शब्दाला जागणारा दुकानदार

नाताळचा सण जवळ आला होता. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जवाहिऱ्याच्या एका दुकानात एक गरीब मुलगा शिरला. पुष्कळ दिवस एकेक नाणे बाजूला टाकून त्याने थोडे पैसे साठविले होते आणि त्यांतून त्याला आईसाठी एखादा लहानसा दागिना घ्यावयाचा होता. इतक्या वस्तूंतून एकीची निवड करणे त्याला सोपे गेले नाही. दुकानदार उतावीळ झाला, तसे मुलाने घाईघाईने एका दागिन्यावर बोट ठेवले. दुकानदार तो बांधून देत असतानाच मुलाची नजर दुसऱ्या एका दागिन्यावर गेली. आईला हाच अधिक शोभेल असे वाटून त्याने तो बदलून मागितला. पण पैसे गल्ल्यात पडले होते. एकदा घेतलेली वस्तू बदलून मिळत नसते, असे दुकानदाराने त्याला सुनावले आणि मुलगा हिरमुसला होऊन बाहेर पडला. पुढे तो स्वतः दुकानदार झाला, तेव्हाही हा प्रसंग त्याच्या मनातून गेला नव्हता, असे सांगतात. त्या मुलाचे नाव जॉन वानामेकर.

जॉनचा जन्म ११ जुलै १८३८ रोजी फिलाडेल्फियाच्या वेशीवरील वस्तीत झाला. त्याचे आजोबा आणि वडील विटा पाडण्याचा धंदा करीत. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी उन्हात वाळत घातलेल्या विटा उलटून ठेवणे हे लहानग्या जॉनचे काम असे. शाळा फार दिवस लाभली नाही. चौदाव्या वर्षी तो पुस्तकांच्या एका दुकानात निरोप्या म्हणून लागला आणि तेथून तयार कपड्यांच्या दुकानात गेला. कपड्यांचा धंदा त्याने तेथेच जवळून पाहिला. पण त्याची प्रकृती नाजूक होती. छातीच्या दुखण्याने त्याला नोकरी सोडावी लागली व हवापालटासाठी देशाच्या पश्चिम भागात जावे लागले. परत आल्यावर तो शहरातील तरुण ख्रिस्ती संघाचा पगारी चिटणीस झाला. १८५८ साली, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने एका दांडगट वस्तीत मुलांसाठी रविवारची शाळा काढली. ही शाळा त्याने आयुष्यभर सांभाळली.

त्या काळचा व्यापार कसा होता, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. दुकानातील वस्तूंवर किंमत लिहिलेली नसे. असलीच तर ती गुप्त खुणांत असे आणि त्या खुणा फक्त दुकानातल्या माणसांनाच कळत. गिऱ्हाइकाचा पोशाख पाहून, त्याची निकड ओळखून किंमत सांगितली जाई. मग घासाघीस सुरू होई. ज्याला बोलता येई त्याला वस्तू स्वस्त पडे. मुखदुर्बळ माणूस, परगावचा माणूस किंवा लहान मूल हमखास फसे. आणि फसलेल्याने तक्रार करू नये, डोळे उघडे ठेवून माल घेणे हे ज्याचे त्याने पाहावे, असाच सर्वांचा समज होता.

जाहिरातींची स्थिती याहून वाईट होती. वर्तमानपत्रांतील जाहिराती बारीक टाइपांत, एका रकान्यात, एकीखाली एक अशा कोंबलेल्या असत. त्यांत जहाजे केव्हा सुटणार, जमीन कोठे विकावयाची आहे, असल्या साध्या सूचनाही असत. परंतु पुष्कळशी जागा औषधांनी व्यापलेली असे. एकाच बाटलीने खोकला, संधिवात, अशक्तपणा आणि पोटदुखी यांचा समूळ नाश होतो, असे त्या औषधांचे विक्रेते छापून टाकीत. बाटलीत काय आहे हे सांगण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. कित्येक बाटल्यांत भरपूर दारू असे, काहींत अफूसुद्धा असे. रडणाऱ्या तान्ह्या मुलांना शांत करण्याच्या औषधांतही अफूचा अर्क मिसळलेला असे, यावरून या धंद्याची निर्दयता समजून येईल. जाहिरात खरी की खोटी हे वर्तमानपत्राचा मालक विचारीत नसे, कारण त्याचे पत्र त्याच पैशांवर चालत असे. वर्तमानपत्रांतील जागा जाहिरातदारांस मिळवून देण्याचा दलालीचा धंदा अमेरिकेत १८४० नंतर फिलाडेल्फियातच सुरू झाला. त्याने जाहिराती वाढल्या, पण त्यांवरचा लोकांचा विश्वास मात्र वाढला नाही.

अशा काळात ८ एप्रिल १८६१ रोजी जॉन वानामेकरने आपल्या पत्नीचा भाऊ नेथन ब्राउन याच्या भागीदारीत पुरुषांच्या व मुलांच्या तयार कपड्यांचे दुकान उघडले. दुकानाला त्यांनी ओक हॉल असे नाव दिले. मुहूर्त काही चांगला नव्हता. चौथ्याच दिवशी समटर किल्ल्यावर तोफा धडाडल्या आणि अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांचे यादवी युद्ध पेटले. पहिल्या दिवशी दुकानात अवघी २४ डॉलर ६७ सेंटची विक्री झाली होती. त्यांतील २४ डॉलर वानामेकरने जाहिरातीवर खर्च केले आणि दुसऱ्या दिवशी सुटे पैसे द्यावयास ६७ सेंट गल्ल्यात ठेवले, अशी हकिकत त्याच्या चरित्रांत येते.

पैसा हाती येऊ लागला तशा त्याच्या जाहिराती धीट होऊ लागल्या. शहराकडे येणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर त्याने शंभर शंभर फूट लांबीच्या पाट्या उभारल्या. वीस फुटांहूनही उंच असे फुगे आकाशात सोडले आणि खाली उतरलेला फुगा जो दुकानात आणून देईल त्याला कपड्यांचा एक जोड बक्षीस मिळेल असे जाहीर केले. मग काय विचारता! आकाशात फुगा दिसला की मुलेमाणसे त्याच्यामागे शेताबांधांवरून धावत सुटत. हे सारे लक्ष वेधून घेण्याचे उपाय होते. ते दुसरे कोणी व्यापारीही करू शकत होते आणि काही करीतही होते. तमाशाने माणूस दुकानाच्या दारापर्यंत येतो. आत आल्यावर त्याला काय मिळते, हा प्रश्न पुढचा असतो.

त्या प्रश्नाचे उत्तर वानामेकरने युद्ध संपण्याच्या सुमारास छापूनच टाकले. त्याच्या दुकानात प्रत्येक वस्तूची किंमत एकच राहील आणि ती सर्वांना सारखी असेल. वस्तूबद्दल जे सांगितले असेल ते खरे असल्याची दुकान हमी देईल. व्यवहार रोखीने होईल. घेतलेली वस्तू पसंत न पडल्यास गिऱ्हाइकाने ती परत आणावी, त्याचे पैसे त्याला परत मिळतील.

हे नियम वानामेकरने प्रथम शोधून काढले असे मात्र नव्हे. एकच भाव सांगावा, ही चाल क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांत फार जुनी होती, आणि न्यूयॉर्कमध्ये ए. टी. स्टुअर्ट नावाचा मोठा व्यापारी वानामेकरच्या आधीपासून ती पाळीत होता. वानामेकरचे वैशिष्ट्य असे की त्याने हे वचन वर्तमानपत्रात छापले आणि पुन्हा पुन्हा छापले. दुकानात बोललेला शब्द हवेत विरून जातो. छापलेला शब्द हजारो घरांत जाऊन बसतो. गिऱ्हाईक तो कागद हातात घेऊन दारात उभे राहिले की दुकानदाराला मागे सरता येत नाही. आजवर जाहिरात लिहिणाराचे काम माल खपला की संपत असे. या नव्या जाहिरातीत दुकानदाराचे काम माल खपल्यावर सुरू होत होते. एखाद्या गिऱ्हाइकाने चार दिवस वापरलेला कोट परत आणला तर काय करावयाचे? दररोज दहा जण तसे करू लागले तर काय? हा धोका लहान नव्हता. वानामेकरने तो पत्करला आणि त्याचे दुकान बुडण्याऐवजी वाढत गेले.

१८६८ साली नेथन ब्राउन मरण पावला. पुढे काही वर्षांनी वानामेकरने पेन्सिल्व्हेनिया रेल्वेची एक जुनी, ओसाड पडलेली मालवखार विकत घेतली. इतक्या मोठ्या जागेचे हा काय करणार, असा प्रश्न कोणालाही पडावा. दुकान थाटण्यापूर्वी त्याने ती वखार मूडी या प्रसिद्ध धर्मोपदेशकाच्या सभांसाठी दिली आणि तेथे हजारोंच्या संख्येने लोक जमू लागले. दुकानात कोणी पाऊल टाकण्यापूर्वीच सगळ्या शहराला त्या जागेचा रस्ता माहीत झाला. वानामेकर श्रद्धाळू होता आणि व्यापारीही होता. यांतले कोठे काय होते, ते सांगणे कठीण आहे. मे १८७६ मध्ये तेथे त्याचे भव्य दुकान उघडले. त्याच महिन्यात फिलाडेल्फियात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शतसांवत्सरिक उत्सवाचे मोठे प्रदर्शन सुरू झाले. ते पाहावयास आलेले असंख्य लोक वानामेकरच्या दुकानातही फिरून गेले. पुढच्या वर्षी त्याने कपड्यांखेरीज इतर अनेक प्रकारचा माल एकाच छपराखाली विकावयास आरंभ केला. शहरातील लहान दुकानदार यामुळे चिडले आणि त्यांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. १८७८ साली दुकानात विजेचे दिवे लागले. १८७९ साली वानामेकरने वर्तमानपत्राचे संपूर्ण पान आपल्या जाहिरातीने भरले. एखाद्या दुकानाने असे अमेरिकेत प्रथमच केले, असे मानले जाते.

पान तर मोठे झाले. पण त्यावर लिहावयाचे काय? हे काम करावयास १८८० साली वानामेकरने न्यूयॉर्कहून जॉन पॉवर्स नावाच्या माणसाला बोलावून घेतले. पॉवर्स मोठा विलक्षण गृहस्थ होता. तो कोणाची भीड ठेवीत नसे, मालकाचीसुद्धा नाही. मोठमोठी विशेषणे, कविता, चित्रविचित्र अक्षरे यांचा त्याला तिटकारा होता. तो रोज दुकानातून फिरे, माल हाताळून पाही, विक्रेत्यांना खोदून खोदून प्रश्न विचारी आणि मग साध्या टाइपांत, लहान लहान वाक्यांत, दुकानातील त्या दिवशीची खरी बातमी लिही. जाहिरातीत सत्य सांगावे. आणि सांगण्याजोगे सत्य दुकानात नसेल तर आधी दुकान सुधारावे, म्हणजे ते सांगता येईल, असे त्याचे मत होते.

एकदा काही नेकटाय विक्रीस आले होते. पॉवर्सने लिहिले की ते दिसतात तितके चांगले नाहीत. पण पंचवीस सेंटांना पुरेसे चांगले आहेत. लोकांनी ते खरेदी केले. दुसरी हकिकत याहून गमतीची आहे. पावसाळी डगल्यांच्या विभागाचा प्रमुख एकदा त्याच्याकडे आला. त्याच्याकडे रबरी कापडाचे शेकडो डगले पडून होते. ते खराब झाले आहेत, पण जाहिरातीत तसे लिहू नका, असे त्याने हळूच कानात सांगितले. दुसऱ्या दिवशी शहराने वर्तमानपत्रात वाचले की वानामेकरच्या दुकानात खराब डगल्यांचा मोठा साठा आहे आणि तो काढून टाकावयाचा आहे. विभागाचा प्रमुख संतापाने लाल झाला. पण दुपारपर्यंत सगळे डगले संपले होते! जो दुकानदार खराब माल खराब म्हणून सांगतो, तो चांगला म्हणून सांगेल तो माल चांगलाच असला पाहिजे, असे लोकांच्या मनाने घेतले.

असे असूनही वानामेकर आणि पॉवर्स यांचे जमले नाही. १८८३ साली वानामेकरने त्याला काढले, पुढच्या वर्षी परत बोलावले आणि १८८६ साली पुन्हा काढून टाकले. पॉवर्सच्या हट्टी व फटकळ स्वभावाला जितका दोष द्यावा, तितकाच तो मालकाच्या मनालाही दिला पाहिजे. सत्याचा आग्रह धरणे वेगळे आणि सत्य सांगणाऱ्या माणसाबरोबर रोज काम करणे वेगळे. वानामेकरला पहिले साधले. दुसरे त्याला काही वर्षेच साधले. मात्र पॉवर्सने घालून दिलेली साध्या लेखनाची रीत त्याच्या दुकानाने पुढेही सोडली नाही आणि हळूहळू देशातील इतर दुकानांनीही ती उचलली.

१८८९ साली अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी वानामेकरला पोस्टमास्तर जनरल, म्हणजे टपालखात्याचा मुख्य नेमले. निवडणुकीसाठी त्याने पुष्कळ पैसा जमवून दिला होता, त्याची ही परतफेड आहे, अशी टीका झाली. या कारकिर्दीला एक डागही आहे. पक्ष बदलला की जुन्या पोस्टमास्तरांना काढून आपल्या पक्षाची माणसे नेमावयाची, अशी तेव्हाची वाईट चाल होती. ती मोडण्याऐवजी वानामेकरच्या खात्याने हजारो पोस्टमास्तर बदलले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या वेळी सरकारी नोकऱ्यांच्या मंडळावरून त्याच्याशी उघड वाद घातला. आपल्या दुकानात लहानथोर सर्वांना एक भाव लावणाऱ्या माणसाने सरकारी कामात आपले आणि परके असा भेद करावा, हे त्याच्या चाहत्यांनाही खटकण्यासारखे होते.

परंतु याच जागेवरून त्याने दोन मोठी कामे हाती घेतली. त्या वेळी लुइझियाना प्रांतातील एक सोडत-कंपनी देशभर तिकिटे विकीत होती. वर्तमानपत्रांतील तिच्या जाहिराती वाचून गरीब माणसे पोटाला चिमटा घेऊन पैसे पाठवीत. वानामेकरने या धंद्याविरुद्ध जोर लावला आणि १८९० साली कायदा झाला. सोडतीची तिकिटे आणि सोडतीच्या जाहिराती असलेली वर्तमानपत्रे टपालाने पाठविण्यास त्याने बंदी झाली. दुसरे काम शेतकऱ्यांचे. शहरात टपाल घरपोच मिळे, पण खेड्यातील शेतकऱ्याला आपले पत्र आणावयास मैलोगणती गाडी जुंपून जावे लागे. शेतकऱ्यालाही दारात टपाल मिळावे, असा आग्रह वानामेकरने धरला. त्याची मुदत १८९३ मध्ये संपली, तोवर काही थोडे प्रयोगच झाले होते. खरी सुरुवात १८९६ साली झाली आणि पार्सल-टपाल तर १९१३ साली सुरू झाले. या टपालाबरोबर शेताशेतांवर वर्तमानपत्रे पोचली आणि शिकागोच्या सिअर्स व मॉंटगोमेरी वॉर्ड या टपालाने माल विकणाऱ्या पेढ्यांच्या जाडजूड सूची पोचल्या. वानामेकरने आग्रहाने मागितलेली वाट अशी इतर व्यापाऱ्यांच्याही उपयोगी पडली.

मध्यंतरी औषधवाल्यांचा खोटेपणा चालूच होता. १९०५ साली सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने एका साप्ताहिकात लेखमाला लिहून त्यांचे पितळ उघडे पाडले. १९०६ साली अन्न व औषधे यांविषयी कायदा झाला आणि बाटलीवरच्या चिठ्ठीत अफू, दारू यांसारखे पदार्थ लपविता येईनासे झाले. पण हा कायदा चिठ्ठीपुरताच होता. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत खोटे लिहिण्यास त्याने आळा बसत नव्हता. १९११ पासून जाहिरातदारांच्या संस्थांनीच सत्य जाहिरातीची चळवळ हाती घेतली आणि खोट्या जाहिरातीला शिक्षा व्हावी यासाठी प्रांताप्रांतांतून कायदे होऊ लागले. ओक हॉलच्या काळी एका दुकानदाराने आपखुशीने दिलेले वचन आता पन्नास वर्षांनी सर्वांकडून मागितले जाऊ लागले.

वानामेकर आता वृद्ध झाला होता, पण त्याची लेखणी थांबली नव्हती. आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत तो रोजच्या जाहिरातीत आपल्या सहीने एक लहानसा लेख लिही. असे हजारो लेख त्याच्या नावावर आहेत. रविवारच्या वर्तमानपत्रात मात्र त्याने जाहिरात दिली नाही, कारण तो दिवस त्याच्या मते प्रार्थनेचा होता. जाहिरातीवरचा निम्मा पैसा फुकट जातो, पण तो निम्मा कोणता हेच कळत नाही, अशा अर्थाची एक चतुर उक्ती त्याच्या नावावर सर्वत्र सांगितली जाते. ती त्याचीच, असा भक्कम पुरावा मात्र नाही. सत्य जाहिरातीच्या या पुरस्कर्त्याच्या नावावर एक संशयास्पद वाक्य चिकटून राहिले, ही गंमतच म्हणावयाची.

जुन्या वखारीच्या जागी त्याने दगडी प्रासादासारखी नवी इमारत बांधविली. ३० डिसेंबर १९११ रोजी अध्यक्ष टॅफ्ट यांच्या हस्ते तिचा समर्पण-समारंभ झाला. मधल्या उंच दालनात त्याने एक प्रचंड ऑर्गन बसविला. सेंट लुईच्या प्रदर्शनातील हे वाद्य फिलाडेल्फियास आणावयास मालगाडीचे तेरा डबे लागले होते. त्याच प्रदर्शनातील काशाचा एक भव्य गरुडही तेथे ठेवला होता. शहरातील लोक एकमेकांना भेटण्याची खूण म्हणून त्या गरुडाचेच नाव सांगू लागले. संगीत ऐकावयास आलेला माणूस जाताना काहीतरी विकत घेऊन जाई, हे उघडच आहे. गरज नसलेली वस्तूही हवीशी वाटावी, अशी किमया या झगमगाटात होती. एकच भाव आणि खरी जाहिरात या दोन्हींनी तिच्यावर उपाय होत नव्हता.

संपत्तीतील मोठा वाटा त्याने धर्मकार्याला व लोककार्याला दिला. आपल्या देशात मद्रास, म्हणजे आताच्या चेन्नई शहरात, तरुण ख्रिस्ती संघाची जी लाल रंगाची जुनी इमारत आहे, ती त्याच्याच देणगीतून उभी राहिली. आपल्या दुकानातील मुलांसाठी त्याने शिक्षणवर्ग चालविले होते. विटा उलटून शाळेत जाणाऱ्या आणि ती लवकर सुटलेल्या मुलाने ते काढले होते, हे विसरता येत नाही.

१२ डिसेंबर १९२२ रोजी फिलाडेल्फियात त्याचा अंत झाला. नाताळला तेव्हा दोन आठवडे राहिले होते आणि दुकान भेटवस्तूंनी भरलेले होते. १९७८ मध्ये ते दुकान त्याच्या घराण्याच्या हातून गेले. पुढे त्या इमारतीत दुसऱ्या नावांनी दुकाने चालली आणि त्यांतील शेवटचे मोठे दुकान मार्च २०२५ मध्ये बंद झाले. समोरच्या नगरभवनाजवळ १९२३ साली शहराने वानामेकरचा पुतळा उभारला. त्याच्या चौथऱ्यावर व्यापारी, पोस्टमास्तर जनरल किंवा दानशूर असे काही लिहिलेले नाही. नावाखाली नागरिक एवढा एकच शब्द कोरला आहे.